मिनेसोटातील जुन्या घरांत स्कँडिनेव्हियन असे नेमके काय उरले आहे?

वेताळटेकडी

मिनिॲपोलिसमध्ये घर शोधणाऱ्याला हल्ली 'स्कँडिनेव्हियन शैली' हे शब्द प्रत्येक दुसऱ्या जाहिरातीत भेटतात. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाची जमीन आणि एखादी मोठी खिडकी एवढ्या भांडवलावर दलाल किंमत चढवून सांगतात. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड येथून एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला या भागात लाखो माणसे आली, तेव्हा त्यांच्या घरबांधणीचा काही वारसा येथे असणार हे उघड आहे. परंतु तो या जाहिरातींत आहे असे मला वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात राज्याच्या उत्तरेला, सेंट लुईस काउंटीतील एम्बॅरस या गावाच्या परिसरात आम्ही काही जुनी शेतघरे पाहिली. त्यांतले एक घर रस्त्यावरून अगदी सामान्य दिसत होते: आडव्या पांढऱ्या फळ्या, उतरते छप्पर, पुढे छोटी पडवी. मागच्या बाजूला मात्र काही फळ्या गळून पडल्या होत्या आणि आत चौकोनी तासलेले ओंडके दिसत होते. कोपऱ्यात ते डव्हटेल पद्धतीने, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट खाचा पाडून, एकमेकांत इतके घट्ट बसवलेले होते की सांध्यात पोस्टकार्डही सरकले नसते. ज्यांना हे काम येत होते त्यांनी ते फळ्यांखाली का झाकले असेल? आणि पहिली पिढी सरल्यावर येथील घरांत स्कँडिनेव्हियन असे काय शिल्लक राहिले?

माझे मत असे की, दर्शनी रूपात जवळजवळ काहीच राहिले नाही; जे राहिले ते घराच्या कोपऱ्यात आणि अंगणाच्या मांडणीत आहे. या भागात राहणाऱ्यांनी आणि जाणकारांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

तर्कटराव

दोन आक्षेप आरंभीच नोंदवतो. एक म्हणजे एम्बॅरसच्या परिसरातील बहुतेक जुनी शेते फिनिश लोकांची आहेत, आणि काटेकोरपणे पाहता फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही. दुसरे असे की, ओंडके आडवे रचून घर बांधणे ही उत्तर युरोपची मक्तेदारी नव्हे. रशियात, आल्प्सच्या डोंगरात आणि जर्मनीच्या काही भागांतही तसेच बांधत असत.

चहाबाज

पहिल्याच प्रतिसादात फिनलंड धाग्याबाहेर गेला. आता आइसलंडचेही काय ते ठरवून टाकावे, म्हणजे उरलेल्यांना मूळ प्रश्नाकडे वळता येईल.

गोथेनबर्गकर

तर्कटराव भूगोलाच्या दृष्टीने बरोबर आहेत, परंतु घरबांधणीच्या इतिहासात ही रेघ इतकी ठळक ओढता येत नाही. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्याच राज्यात होता, आणि त्याआधीच फिनलंडच्या सावो भागातील शेतकरी मोठ्या संख्येने स्वीडनमधील व्हर्मलांडच्या जंगलांत येऊन राहिले होते. जंगल जाळून त्या राखेत राय हे धान्य पेरणारे हे लोक 'वनफिन' म्हणून ओळखले जातात. सुतारकाम दोन्ही बाजूंनी इकडचे तिकडे गेलेले आहे.

खरी रेघ देशांच्या सीमेवर नसून झाडांच्या सीमेवर आहे. उत्तरेकडे पाइन आणि स्प्रूस ही सरळ, उंच, हलकी आणि कुऱ्हाडीला मऊ जाणारी झाडे मुबलक, म्हणून तेथे आडव्या ओंडक्यांचे घर रुजले. डेन्मार्कमध्ये आणि स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने प्रांतात असे लाकूड दुर्मीळ होते. तेथे ओकचा सांगाडा उभारून मधल्या जागा मातीने किंवा विटांनी भरत. त्यामुळे 'स्कँडिनेव्हियन घर' असा एकच नमुना त्या देशांतही नव्हता, मग तो अमेरिकेत कोठून यावा?

अमेरिकेतील लाल गोठे स्वीडिश लोकांनी आणले, हा येथे स्वीडनमध्ये येणाऱ्या पाहुण्यांकडून नेहमी ऐकू येणारा समज या निमित्ताने बाजूला करतो. स्वीडनमधील लाल घरांचा रंग फालुन येथील तांब्याच्या खाणीतून येतो. खाणीच्या टाकाऊ मातीतील लोहयुक्त रंगद्रव्य, पाणी, रायचे पीठ आणि जवसाचे तेल शिजवून तो करतात. खाण १९९२ साली बंद झाली आणि २००१ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. रंग मात्र अजून विकला जातो, कारण साठलेली माती भरपूर आहे. या रंगाचा लाकडावर घट्ट पापुद्रा बसत नाही, त्यामुळे आतली ओल बाहेर पडत राहते. मात्र अमेरिकेतील लाल गोठे पाहून 'हे स्वीडिश लोकांनी आणले' असे लगेच म्हणू नये. लोहाचा गंज आणि जवसाचे तेल यांचा स्वस्त लाल रंग स्वीडनशी काहीही संबंध नसलेले अमेरिकी शेतकरीही वापरत होते.

सुतारपक्षी

मी व्यवसायाने संगणकवाला असलो, तरी आमच्या घराण्यात सुतारकाम आहे आणि वाकस, पटाशी हातात धरूनच मी वाढलो. मिशिगनच्या उत्तर भागात फिनिश पद्धतीने ओंडके जोडण्याच्या एका कार्यशाळेत मी काम केले आहे. वेताळटेकडी यांनी 'पोस्टकार्डही सरकले नसते' असे लिहिले आहे. ते कसे साधते ते सांगतो, कारण या धाग्याच्या विषयाचा गाभा मला तेथेच दिसतो.

कोणतेही झाड पूर्ण सरळ नसते. खालच्या ओंडक्यावर वरचा ठेवला की कोठे बोटभर, कोठे दोन बोटे फट राहते. अमेरिकेच्या सीमावर्ती (नव्याने वस्ती होत असलेल्या) भागातील सर्वसाधारण वसाहतकार ही फट तशीच ठेवून तिच्यात लाकडाच्या चिपा, चिखल आणि चुना भरत असे. फिनिश आणि नॉर्वेजियन कारागीर फट ठेवतच नसे. त्याच्याकडे दोन टोकांचे लोखंडी अवजार असे, ज्याची टोके ठरावीक अंतरावर वाकवलेली असत. वरचा ओंडका जागेवर ठेवून हे अवजार दोन्ही ओंडक्यांच्या मधून सरकवले की एक टोक खालच्या ओंडक्याच्या पाठीवरून फिरते आणि दुसरे टोक तोच चढउतार वरच्या ओंडक्यावर कोरत जाते. मग ओंडका उलटा करून दोन्ही रेघांच्या मधला भाग खोबणीसारखा पोखरून काढायचा, खोबणीत शेवाळ पसरायचे आणि ओंडका पुन्हा पालथा घालायचा. पातेल्यावर त्याचेच झाकण बसावे तसा तो खालच्याच्या प्रत्येक उंचवट्यावर बसतो. हा ओंडका आता त्या एकाच जागी बसणार. दुसऱ्या कोणत्याही जागी तो निरुपयोगी आहे.

या कामाला वेळ किती लागतो याची कल्पना करा. एका खोलीच्या भिंतीला दहा-बारा थर आणि प्रत्येक थराला चार ओंडके. त्यांतील प्रत्येक किमान दोनदा चढवायचा आणि उतरवायचा. ज्याला पहिल्या हिवाळ्याआधी डोक्यावर छप्पर हवे आहे तो हे करत असेल, तर ती केवळ सवय नसून कडक थंडीचा अनुभव त्यामागे असणार. मिनेसोटातील एखादे ओंडक्यांचे घर पाहताना मी आधी कोपरा पाहत नाही, कारण कोपऱ्याचे प्रकार सगळ्यांनी एकमेकांकडून उचलले. मी दोन ओंडक्यांच्या मधली आडवी रेघ पाहतो. तेथे गिलावा नसेल, तर बांधणारा बहुधा उत्तर युरोपातील होता.

कोकणकडा

उत्तम माहिती. एक शंका: लाकूड वाळले की आकसते. मग अशा घराची उंची कमी होऊन दारे-खिडक्या अडकत नाहीत का? आमच्याकडे कोकणात आणि देशावरही लाकडी खांब आणि तुळया उभ्या-आडव्या असतात, भिंतीला भार नसतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. वाळवी आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता जमिनीपासून छपरापर्यंत अख्ख्या ओंडक्यांची भिंत आमच्याकडे कोणी परवडूनही बांधली नसती.

सुतारपक्षी

@कोकणकडा, शंका रास्त आहे. लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, जाडीत आकसते. आणि येथे भिंतीची उंची म्हणजे जाड्यांचीच बेरीज. म्हणून भिंत पहिली काही वर्षे मीटरमागे काही सेंटीमीटर खाली बसते. खिडकीच्या दोन्ही बाजूंना ओंडक्यांच्या टोकांत उभी खाच पाडून तीत एक उभी पट्टी सरकती बसवतात, खिळे मारत नाहीत, आणि चौकटीच्या वर चांगली हातभर नसली तरी चार बोटे जागा मोकळी ठेवून ती शेवाळाने भरतात. भिंत खाली येते तशी ती जागा मिटत जाते.

नॉर्वेत छपरावर बर्चच्या सालीचे थर आणि त्यावर गवताळ माती घालत. प्रत्येक चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भार पडतो. हे वजन भिंतीला दाबून सांधे घट्ट करते, म्हणजे छप्परही भिंतीचेच काम करत असते. अमेरिकेत मात्र लाकडी कौलपट्ट्या स्वस्त मिळू लागल्या आणि मातीची छपरे फार लवकर मागे पडली.

मुक्काम_डेलावेअर

मिनेसोटाच्या दोनशे वर्षे आधीची गोष्ट या धाग्यात यायला हवी. मी विल्मिंग्टनला राहतो. १६३८ मध्ये येथेच स्वीडनने फोर्ट क्रिस्टिना उभारून 'न्यू स्वीडन' ही वसाहत स्थापली आणि १६५५ मध्ये डचांनी ती घेतली. सतरा वर्षांची ही वसाहत राजकीय दृष्ट्या नगण्य म्हणावी अशी. परंतु तिच्यातील लोकांत, गोथेनबर्गकर म्हणतात ते वनफिन बरेच होते, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ओंडक्यांची घरे नेहमीच्या राहण्यासाठी बांधणारे पहिले लोक म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवले जाते. १६०७ मध्ये जेम्सटाउनला आणि १६२० मध्ये प्लिमथला उतरलेल्या इंग्रजांना हे बांधकाम ठाऊक नव्हते. ते आपल्या देशातल्याप्रमाणे सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकत. शाळेच्या पुस्तकांतील चित्रांत प्लिमथच्या यात्रेकरूंच्या मागे ओंडक्यांची झोपडी दिसते, ती पुढच्या काळातील कल्पना आहे.

फिलाडेल्फियाजवळ ड्रेक्सेल हिल येथे डार्बी ओढ्याच्या काठी 'लोअर स्वीडिश केबिन' अजून उभी आहे आणि न्यू जर्सीत गिब्सटाउन येथे नॉथनेगल घर आहे, जे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असल्याचे सांगतात. तुर्कू येथील प्राध्यापक पीटर काल्म १७४८ मध्ये या भागात आला, तेव्हा त्याने एका नव्वदी ओलांडलेल्या स्वीडिश वसाहतकाराकडून पहिल्या घरांचे वर्णन लिहून घेतले. एकच छोटी खोली, वाकून आत शिरावे लागेल असे बुटके दार, काच नसल्यामुळे भिंतीतील भोकांपुढे सरकती फळी, आणि कोपऱ्यात चूल. सुतारपक्षींनी सांगितलेल्या शेवाळाच्या संदर्भात एक गंमत: काल्मच्या नोंदीनुसार येथे उपयोगाचे शेवाळ मिळाले नाही, म्हणून त्यांना फटी आतून-बाहेरून मातीने लिंपाव्या लागल्या. म्हणजे आडव्या रेघेची तुमची परीक्षा या पहिल्या स्वीडिश घरांनाच नापास करील!

सुतारपक्षी

@मुक्काम_डेलावेअर, म्हणूनच 'बहुधा' हा शब्द वापरला होता. तुमचा मुद्दा मात्र मोलाचा आहे, कारण तेथे हिवाळाही सौम्य आणि लाकडेही वेगळी. कारागिरी तीच असली तरी जागेने तिला ढिली केली.

तर्कटराव

न्यू स्वीडनपासून अमेरिकेतील 'लॉग केबिन' सरळ रेषेत उतरली हे मत सर्वमान्य नाही. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात आलेले जर्मन भाषक संख्येने कितीतरी जास्त होते आणि त्यांनाही ओंडक्यांचे बांधकाम येत होते. १९८९ मध्ये टेरी जॉर्डन आणि मॅटी कॉप्स या भूगोलतज्ज्ञांनी सीमावर्ती जीवनाच्या अनेक अंगांची मुळे वनफिनांच्या परंपरेत दाखवली. कोपऱ्याच्या खाचा, कुंपणे, जंगल जाळून केलेली शेती असे सगळे त्यात आले. त्यांचा युक्तिवाद वजनदार आहे, परंतु मूठभर लोकांची पद्धत पुढे सबंध खंडभर का पसरली, याचे उत्तर 'ती जंगलाला सोयीची होती' एवढेच निघते. सोयीची गोष्ट कोणीही उचलतो. मग तिला स्कँडिनेव्हियन म्हणण्यात काय हशील?

अण्णा_मेडिसन

तर्कटरावांचा प्रश्न मी विस्कॉन्सिनच्या बाजूने घेतो, कारण येथे ही पद्धत पसरण्याऐवजी कशी विरली ते डोळ्यांनी पाहता येते.

नॉर्वेतील स्थलांतराची सुरुवात १८२५ मध्ये स्ताव्हांगरहून निघालेल्या 'रेस्टोरेशन' या छोट्या जहाजाने झाली, आणि विस्कॉन्सिनमध्ये मस्कीगो ही नॉर्वेजियन वस्ती १८३९ ची, कॉशकोनाँग १८४० ची. या पहिल्या लोकांनी ओकचे ओंडके तासून गावाकडच्या पद्धतीची घरे बांधली: एक मोठी खोली आणि तिच्या एका बाजूला दोन लहान. ईगल गावाजवळ 'ओल्ड वर्ल्ड विस्कॉन्सिन' हे १९७६ मध्ये उघडलेले खुले संग्रहालय आहे. नॉर्वेजियन, डॅनिश आणि फिनिश शेतघरे मूळ जागेवरून सुटी करून आणून तेथे पुन्हा उभी केली आहेत. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तेथे नेतो (त्यांना शिकागो पाहायचे असते, हा भाग वेगळा). नॉर्वेजियन घरातून निघून फिनिश घराकडे चालत गेले की एक गोष्ट खटकते. फिनिश घरे काळाने पन्नास-साठ वर्षांनी अलीकडची आहेत, तरी बांधणीने ती जुनी वाटतात.

याचे कारण हुन्नरात नसून तारखेत आहे. १८३० च्या दशकात शिकागोत हलक्या चिरीव लाकडाचा आणि खिळ्यांचा 'बलून फ्रेम' सांगाडा पुढे आला. आरागिरण्या, यंत्रावर कापलेले स्वस्त खिळे आणि आगगाडी या तिन्ही गोष्टी जेथे पोहोचल्या तेथे दोन माणसे काही आठवड्यांत घर उभे करू लागली. नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या हाती गव्हाचा पैसा आला तशी त्याने ओंडक्यांची खोली मागे स्वयंपाकघर म्हणून ठेवली, पुढे चिरीव लाकडाचे दुमजली घर बांधले आणि दोन्हींवर एकाच पांढऱ्या रंगाच्या फळ्या ठोकल्या. बिडाची शेगडी आली तेव्हा कोपऱ्यातील चूलही गेली. वेताळटेकडी यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. फळ्यांमुळे घर उबदार होई, ओंडके पावसापासून वाचत, आणि शेजाऱ्यांना आपण 'स्थिरावलो' हे कळे. ओंडक्यांचे घर म्हणजे गरिबी, अशी समजूत होती. तिकडे १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांचा प्रचार 'लॉग केबिन'चे चित्र मिरवत होता, आणि खुद्द त्यांचा जन्म व्हर्जिनियातील विटांच्या मोठ्या वाड्यातला.

चहाबाज

प्रचारात झोपडी आणि राहायला वाडा. परंपरा पुरातन आणि सर्वदेशीय दिसते.

वेताळटेकडी

अण्णा, हे फारच उपयोगी लिहिलेत. पण मग फिनिश लोकांनी विसाव्या शतकातही ओंडक्यांचीच घरे का बांधली? तोवर आरागिरण्या मिनेसोटाच्या उत्तरेपर्यंत केव्हाच पोहोचल्या होत्या. किंबहुना येथील पांढऱ्या पाइनचे जंगल त्यांनी जवळजवळ संपवले होते.

हिमगौरी

डुलुथच्या उत्तरेला आमचे असेच एक जुने शेतघर आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला शेजाऱ्यांकडून आणि थोडेफार वाचनातून मिळाले आहे. फिनिश लोक येथे शेतकरी म्हणून आले नाहीत. ते मिशिगनच्या तांब्याच्या आणि मिनेसोटातील मेसाबी पट्ट्यातील लोखंडाच्या खाणींत मजूर म्हणून आले. १९०७ मध्ये मेसाबीवर मोठा संप झाला, त्यात फिनिश कामगार पुढे होते, आणि संप मोडल्यावर त्यांतील अनेकांची नावे काळ्या यादीत गेली. खाणीत काम मिळेना, तेव्हा त्यांनी लाकूड कंपन्यांनी तोडून टाकलेली, खुंटांनी भरलेली जमीन घेतली. दुसऱ्या कोणाला ती नको होती. हातात रोकड नाही, फळ्या विकत घ्यायला पैसे नाहीत. पण कुऱ्हाड आहे, कंपन्यांनी कमी प्रतीची म्हणून सोडलेली जॅक पाइन, सीडर आणि टॅमरॅक ही झाडे आहेत, आणि गावाकडे शिकलेला हात आहे. म्हणून आमच्या भागात ओंडक्यांची नवी घरे १९३० च्या दशकापर्यंत उभी राहत होती.

आमचे घर घेतले तेव्हा ते ओंडक्यांचे आहे हे विक्रेत्यालाही सांगता आले नव्हते. विजेचे नवे खोके बसवण्यासाठी भिंतीला भोक पाडताना कारागिराचे ड्रिल सहा इंच लाकडात शिरून थांबले, आणि तो 'तुमच्या भिंतीत झाड आहे' असे म्हणाला. आतून जिप्समच्या फळ्या काढल्या तेव्हा खाली कापड, त्याखाली एकावर एक चिकटवलेली फिनिश वर्तमानपत्रे आणि त्याखाली ओंडके निघाले. रुंद पात्याच्या कुऱ्हाडीचे तिरके घाव प्रत्येक ओंडक्यावर अजून मोजता येतात. सगळे घाव एकाच दिशेने उतरलेले आहेत, फक्त दक्षिणेकडच्या भिंतीवर उलट दिशेने. दोन भाऊ काम करत होते आणि त्यांतला एक डावखुरा होता, असे शेजारच्या आजोबांचे म्हणणे. शेवाळ वाळून करडे झाले आहे, पण बोटाने ओढले तरी निघत नाही.

नुकसान एकाच ठिकाणी होते आणि तेही नंतरच्या माणसाने केलेले. आधीच्या एका मालकाने उत्तरेकडच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. सिमेंटने ओल आत कोंडली आणि खालचे दोन ओंडके भुसा झाले. जॅक लावून भिंत उचलून ते बदलावे लागले. ज्यांच्याकडे असे घर असेल त्यांना हात जोडून सांगते की सिमेंट लावू नका.

कोकणकडा

हिमगौरीताई, थंडीत हे घर खरोखर उबदार असते का, की तेही दलालाचे बोलणे?

हिमगौरी

खरे सांगायचे तर आजच्या हिशेबाने नसते. मऊ लाकडाची उष्णतारोधकता 'आर' या मापाने इंचामागे सव्वाच्या आसपास धरतात, म्हणजे सहा इंचांची भिंत फार तर 'आर-८' होते, आणि नव्या घरांच्या भिंतींना येथील नियमांप्रमाणे 'आर-२०'च्या आसपास लागते. तरीही वारा आत येत नाही आणि भिंत दिवसभराची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवते, त्यामुळे आकड्यांवरून वाटते तितके थंड होत नाही. टॉवर गावाने फेब्रुवारी १९९६ मध्ये उणे साठ फॅरनहाइट पाहिले, तो आमचाच परिसर. आम्ही बाहेरच्या बाजूने लोकरी थर देऊन त्यावर पुन्हा फळ्या ठोकल्या, म्हणजे जुन्या लोकांनी जे केले तेच.

शेवंता

इतका वेळ वाट पाहत होते, कोणी सौनाचे, म्हणजे फिनिश लोकांच्या गरम वाफेच्या न्हाणीघराचे, नावही काढले नाही! फिनिश कुटुंब जमिनीवर आले की आधी सौना बांधत असे. एका हिवाळ्यापुरते त्यातच राहायचे, पुढे घर झाले की सौना शनिवारच्या आंघोळीला मोकळा. बाळंतपणेही तेथेच होत, कारण शेतावरील सर्वांत स्वच्छ आणि गरम जागा तीच. मिनेसोटात कोकाटो येथे १८६८ चा सौना जतन केलेला आहे आणि तो अमेरिकेतील सर्वांत जुन्यांपैकी समजतात. आगीच्या भीतीने तो घरापासून दूर, शक्यतो पाण्याजवळ असे. धाग्याच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत हवे असेल तर माझे उत्तर 'सौना' हेच आहे. घरे अमेरिकी झाली, भाषा दोन पिढ्यांत गेली, आडनावांची स्पेलिंगे बदलली. सौना आहे तसाच आहे.

मुक्काम_डेलावेअर

शेवंताताईंना आमच्याकडून दुजोरा आणि विरोध दोन्ही. काल्मला त्याच म्हाताऱ्याने सांगितले होते की पूर्वी जवळजवळ प्रत्येक स्वीडिश वसाहतकाराकडे न्हाणीघर असे आणि शनिवारी त्यात स्नान होई. काल्म पोहोचला तोपर्यंत ती प्रथा बुडाली होती. तेव्हा सौना आपोआप टिकत नाही. थंडी आणि नव्याने येत राहणारे लोक असतील तर टिकतो.

ओळंबा

मी वास्तुरचनाकार आहे आणि काही काळ मिनिॲपोलिसमध्ये काम केले आहे. चर्चा १९३० वर थांबली म्हणून पुढचा भाग जोडतो, आणि 'दर्शनी रूपात काहीच राहिले नाही' या मूळ विधानाशी असहमती नोंदवतो.

आधुनिक काळात उत्तर युरोपचा प्रभाव या प्रदेशात दुसऱ्या वाटेने आला. एलिएल सारिनेन हे फिनिश वास्तुरचनाकार १९२३ मध्ये अमेरिकेत आले. मिशिगनमधील क्रॅनब्रुक येथे त्यांनी शिक्षणसंस्थेचा परिसर आणि १९३० मध्ये पूर्ण झालेले स्वतःचे घर उभारले. मिनिॲपोलिसमधील क्राइस्ट चर्च ल्यूथरन हे १९४९ चे प्रार्थनागृह त्यांचेच. परंतु हा विटांचा, शिकलेल्या लोकांचा प्रभाव होता. खुंटांच्या जमिनीवरील शेतकऱ्याशी त्याचा संबंध नव्हता.

हे दोन्ही प्रवाह मला डुलुथचे डेव्हिड साल्मेला यांच्या कामात एकत्र दिसतात. ते स्वतः मिनेसोटातील फिनिश वंशाच्या कुटुंबातले. सेंट क्रॉय नदीकाठी मरीन या गावाजवळ जॅक्सन मेडो ही वसाहत आहे, जिची आखणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस झाली. त्याच मरीन गावात १८३९ मध्ये मिनेसोटातील पहिली व्यापारी आरागिरणी सुरू झाली होती. वसाहतीतील घरे अरुंद, उंच, तीव्र उताराच्या छपरांची आणि सगळी पांढरी आहेत. गॅरेज घराला चिकटलेले नाही. ते, कोठार, क्वचित सौना असे लहान लहान तुकडे अंगणाभोवती सुटे मांडले आहेत. मोठे एकसंध घर बांधणे सोपे आणि स्वस्त पडले असते. घर, गोठा, धान्याची कोठी, गवताची खोपटी आणि सौना प्रत्येक वेगळा बांधणाऱ्या फिनिश शेताची ती आठवण आहे, आणि तिला झाकणाऱ्या पांढऱ्या फळ्या अण्णांनी वर्णन केलेल्या नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या आहेत. पांढरी फळी झाकण्याचे साधन होती हे मान्य. पण शंभर वर्षांनी तीच या प्रदेशाची ओळख झाली असेल, तर तिला वारशातून वगळता येणार नाही.

तर्कटराव

ओळंबा यांचे म्हणणे वाचनीय आहे, तरी पटले नाही. पांढरी फळी न्यू इंग्लंडची. ती नॉर्वेजियन शेतकऱ्याने उचलली, म्हणून नॉर्वेजियन होत नाही. सुट्या इमारतींचे अंगण मात्र मी मान्य करतो, आणि त्याला कारणही केवळ आवडीचे नव्हते. ओंडक्याच्या लांबीने खोलीची लांबी ठरते. मोठी इमारत हवी असेल तर ओंडक्याला ओंडका जोडावा लागतो, त्यापेक्षा दुसरी लहान इमारत बांधणे सोपे. शिवाय आग लागली तर एकच जाते. गवताच्या खोपटीच्या ओंडक्यांत तर मुद्दाम फटी ठेवत, कारण गवताला वारा लागायला हवा. तेच हात, तीच कुऱ्हाड. माणसाच्या भिंतीला फट नको आणि गवताच्या भिंतीला हवी. मला या सबंध धाग्यात सर्वांत स्कँडिनेव्हियन वाटलेली गोष्ट हीच.

चहाबाज

नोंद घ्यावी: तर्कटराव एका मुद्द्यावर सहमत झाले आहेत, आणि 'स्कँडिनेव्हियन' हा शब्द फिनिश खोपटीसाठी त्यांनी स्वतः वापरला आहे.

वेताळटेकडी

सर्वांचे आभार. ओळंबा आणि तर्कटराव यांच्यात मी तर्कटरावांच्या बाजूने झुकते, म्हणजे अंगणाच्या बाजूने. शेवंताताईंचा सौनाही शेवटी त्या अंगणातलाच. दलालांच्या जाहिरातींबद्दलचे माझे मत अजिबात बदललेले नाही.

येत्या जुलैमध्ये आम्ही चौघीजणी पुन्हा उत्तरेकडे जाणार आहोत. एम्बॅरसला उन्हाळ्यात जुन्या शेतांच्या मार्गदर्शित फेऱ्या असतात, त्या करूच. पण रस्त्याने जाताना फळ्यांखाली ओंडके आहेत की नाहीत, हे बाहेरून ओळखण्याची काही खूण आहे का? लोकांच्या घराच्या फळ्या उचकटून पाहता येणार नाहीत.

हिमगौरी

खिडक्या पाहा. चिरीव लाकडाच्या घरात काच भिंतीच्या पृष्ठभागाला जवळजवळ लागून असते. ओंडक्यांच्या घरात आतल्या बाजूला चांगली वीतभर खोल बैठक मिळते आणि रस्त्यावरूनही तिथे ठेवलेल्या कुंड्या दिसतात. खिडक्या लहान आणि कोपऱ्यापासून बऱ्याच आत असतात, कारण कोपऱ्याजवळ ओंडका कापला तर सांधा कमकुवत होतो. मूळ भाग जवळपास चौरस आणि बुटका, आणि नंतरच्या जोडण्या त्याच्याहून उंच, हीसुद्धा खूण. घरमालक भेटला आणि तळघरात डोकावू दिले, तर जमिनीखालच्या तुळया पाहा; तेथे सालीसकट गोल ओंडके असतील तर वरही बहुधा तेच आहे. आणि डुलुथवरूनच जाणार असाल तर आधी कळवा, आमचीच भिंत एका कोपऱ्यात उघडी ठेवलेली आहे.